भुशाचा रंग

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली आहे, तिला एकही खिडकी नाही. सकाळचे सात वाजले की छतावरचे दिवे आपोआप लागतात. बटण कुणी दाबत नाही. दोन्ही बाजूंना पोलादी मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड आणि कार्डावर नुसता आकडा. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, भुशात करडे उंदीर. हवेला उबदार, आंबूस वास. तेवढ्यात उजव्या विंगेतून एक बुटकी बाई प्रवेश करते. निळा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. आल्याआल्या ती साऱ्या खोलीला उद्देशून पहिलं वाक्य टाकते :

“झोपा आता. तुमची ड्युटी संपली, माझी सुरू झाली.”

उंदीर रात्री जागतात आणि दिवसा झोपतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ही बाई म्हणजे माझी नणंद. आमच्याच घरी राहतात; मी त्यांना वन्सं म्हणते. माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, त्यांना ‘बारके’ अशी हाक मारतात. आणि ज्या संशोधन संस्थेत त्या उंदीर सांभाळतात, तिथे पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी.

मी रंगमंचावर चाळीस वर्षं काढली. भल्याभल्यांचे प्रवेश पाहिले. पण इतक्या ऐटीचा प्रवेश आणि समोर इतके बेफिकीर प्रेक्षक, असा योग दुसरा पाहिला नाही. तोही मी काचेआडून पाहिला. आत सोडलं नाही, कारण मी अत्तर लावून गेले होते.

“वहिनी, तुमच्या आधी तुमचा वास पोचला,” वन्सं काचेपलीकडून म्हणाल्या.

“अहो, चांगलं उंची अत्तर आहे!”

“असेल. माझ्या पोरांना काय त्याचं? मांजर आलं काय आणि वहिनी आल्या काय, सारखंच. बाहेर थांबा.”

वन्सं तेविसाव्या वर्षी त्या संस्थेत काचसामान धुवायला लागल्या. लग्न झालं नाही. का झालं नाही, याची चर्चा नातेवाइकांनी पुरेशी केली आहे, मी भर घालत नाही. चार वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर उंदीरखान्याची जागा रिकामी झाली. वासामुळे तिथे कुणी टिकत नसे. वन्सं म्हणाल्या, मी जाते. गेल्या त्या गेल्याच. अठ्ठावीस वर्षं झाली. त्यांनी आंघोळीला बिनवासाचा साबण धरला, केसांना तेल सोडलं, पावडर सोडली. माझ्या नाटकांना यायच्या त्या तिसऱ्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, म्हणजे शेजारणीच्या सेंटचा वास अंगाला लागू नये. मी रंगमंचावर विष पिऊन मरायची तेव्हा अख्खं थिएटर डोळे पुसायचं. वन्सं घड्याळ बघायच्या. पुढे म्हणायच्या, “वहिनी, विष पिऊन कुणी इतका वेळ बोलत नाही.”

उंदीर उचलायची त्यांची एक रीत होती. बाकीचे लोक शेपटीला धरून उचलतात. वन्सं दोन्ही हातांची ओंजळ करून खाली धरायच्या आणि थांबायच्या. उंदीर आपणहून चढायचा. नवे शास्त्रज्ञ ते बघायला मुद्दाम यायचे. घाबरलेल्या उंदरावर केलेला प्रयोग म्हणजे औषधाची नव्हे, भीतीची मोजणी, हे म्हणे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलंय. वन्संना ते पुस्तकाविना कळलं होतं. आणि लाडीकपणा म्हणाल तर औषधालाही नाही. शेवटी त्या उंदरांना मारावं लागतं, मेंदूचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या दिवशी पिंजरा वन्सं स्वतः उचलून न्यायच्या. “शेवटच्या दिवशी अनोळखी हात नको,” एवढंच म्हणायच्या आणि घरी येऊन नेहमीसारख्या जेवायच्या.

आता आमच्या ह्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हे नाटकांची प्रकाशयोजना करायचे. शिडीवर चढून दिवे फिरवण्यात उभा जन्म गेला. एकसष्टाव्या वर्षी त्या शिडीवरून पडले. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण त्यानंतर चाल बदलली. पाय फाकवून चालायला लागले. चहाचा कप ओठांशी नेताना हात भलतीकडे जायचा. लोकांना वाटलं, ह्या वयात बाटली लागली. हे म्हणायचे, “न पिता झिंगतो, केवढी बचत!”

एका सकाळी वन्सं दारात उभ्या राहून भावाकडे बघत होत्या. हे न्हाणीघरातून खोलीत येत होते.

“दादा, परत जा आणि परत ये.”

“का? एंट्री चुकली?”

“परत चाल म्हणते ना.”

हे चालले. वन्सं खाली बसून त्यांचे पाय बघत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, “दादा, तू माझ्या सत्तावीस नंबरसारखा चालतोस.”

“सत्तावीस नंबर कोण?”

“उंदीर.”

हे खो खो हसले. वन्सं हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी ह्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या आणि सत्तावीस नंबरचं निदान खरं ठरलं. मेंदूच्या मागच्या भागात तोल सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू मरत होत्या. कुणाकुणाच्या घराण्यात हा रोग असतो. ह्यांचा तसा नव्हता, असाच कुठून तरी उगवलेला. औषध नाही. चार-पाच वर्षांत चाकाची खुर्ची, असं डॉक्टर म्हणाले.

वन्संच्या संस्थेत एक डॉक्टरीणबाई याच रोगावर नऊ वर्षं काम करत होत्या. पेशीत नेमकं काय बिघडतं ते वन्संनी मला स्वयंपाकघरात, चादरींच्या घड्या घालता घालता समजावलं.

“हे बघा वहिनी. पेशीत प्रथिनं तयार होतात. प्रत्येकाची घडी ठरलेली. ही अशी. आता एकाची घडी चुकली.” त्यांनी एक चादर गोळा करून कपाटात कोंबली. “अशी एक चुकली, दुसरी चुकली, बोळे साचत गेले. पेशी रोज कचरा काढते, पण हिला उरकेना. शेवटी कपाटाचं दार लागत नाही, आणि पेशी मरते.”

“मग औषध काय करणार?”

“कचरा काढायचा वेग वाढवणार. निदान बाईंचा तसा अंदाज आहे. चादर काढा ती, चुरगळेल.”

ते औषध जुनंच होतं, दुसऱ्या एका दुखण्यावर लोक ते वर्षानुवर्षं घेत होते. म्हणजे उंदरांत गुण दिसला तर माणसांपर्यंत यायला फार वर्षं लागणार नव्हती. आमच्या घरात चार-पाच वर्षांचाच हिशोब होता, त्यामुळे ही गोष्ट आम्हा तिघांनाही न बोलता समजली.

चोवीस पिंजरे मांडले, प्रत्येकात हाच रोग घेऊन जन्मलेला एक उंदीर. बारांच्या पाण्यात औषध, बारांच्या बाटल्यांत नुसतं पाणी. कुठले कुठले, ते ठाऊक असलेला माणूस वेगळ्या इमारतीत बसायचा. त्यानं आकडे लिफाफ्यात घालून लाख लावून कपाटात ठेवले. बाटल्या भरूनच यायच्या, दिसायला एकसारख्या. आठवड्यातून दोनदा प्रत्येक उंदराला एका फिरत्या दांड्यावर ठेवायचं आणि तो किती सेकंदांनी पडतो ते मोजायचं. खाली मऊ गादी असते, लागत नाही. ज्याचा तोल शाबूत तो टिकतो. दांड्यावर ठेवायचं काम वन्संचं, कारण तशी ओंजळ दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि पिंजरे साफ करायचं कामही वन्संचंच, कारण ते अठ्ठावीस वर्षं त्यांचंच होतं.

इथेच घोटाळा झाला, आणि तो त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून होणारही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं, की काही पिंजऱ्यांतला ओला भुसा किंचित पिवळा असतो. उंदराच्या लघवीनं होतो त्याहून पिवळा. लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. औषधाचा रंग लघवीत उतरत होता. भुसा डॉक्टरीणबाई बघत नाहीत, आकडेमोड करणारे बघत नाहीत. भुसा बघते ती पिशवीत ओतणारी बाई. वन्संना लिफाफा न फोडताच बाराही पिंजरे कळले.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. म्हणजे संस्थेत कुणाला नाही. घरी सांगितलं. दर शनिवारी संध्याकाळी चपला काढता काढता बातमी यायची :

“दादा, पिवळे आज दीड मिनिट टिकले!”

“आणि पांढरे?”

“पांढरे धपाधप.”

आमचे हे खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचे, दहातल्या तीन टाळ्या लागायच्या. पिवळे हा आमच्या घरातला मंत्रच झाला. मी भाजी आणायला जाताना म्हणायची, आज पिवळं काहीतरी आणते. सात महिने आम्ही असे आनंदात काढले. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगालासुद्धा मी कधी इतकी आशा केली नव्हती.

आठव्या महिन्यात प्रयोग संपला. सोमवारी लिफाफा उघडायचा होता. त्याआधीच्या शुक्रवारी बाहेरचे पाहुणे आले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दांड्याच्या चाचणीचं चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवलं. मागच्या भिंतीशी वन्सं उभ्या होत्या. पडद्यावर त्यांचेच दोन हात. ओंजळीतून उंदीर दांड्यावर, डाव्या अंगठ्यानं घड्याळ सुरू. मग दुसरा उंदीर. मग तिसरा.

वन्संनी चित्रण चालवणाऱ्याला सांगितलं, “जरा मागे घे.” त्यानं घेतलं. “परत.” परत घेतलं. पाहुण्यांना वाटलं, बाईला आपले हात पडद्यावर बघायची हौस आहे.

त्या संध्याकाळी घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

“दादा, मी पिवळ्यांना मदत केली.”

“म्हणजे?”

“पिवळ्याला ठेवताना माझं बोट खाली राहतं. चारही पाय नीट रोवले, की मग काढते. पांढऱ्याला ठेवते आणि सोडते. अर्ध्या श्वासाचा फरक. पण आहे. प्रत्येक वेळी आहे.”

“मुद्दाम केलंस?”

“नाही रे. मला वाटत होतं, मला कळलं तरी माझा हात सरळच आहे. हाताला कुणी विचारलंच नाही.”

मग मी बोलले. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, पण लिहायला बसले आहे तर लपवून काय करू? मी म्हटलं, “वन्सं, कुणाला दिसलंय का? नाही ना. मग सोडा. अर्धा श्वास! आम्ही नाटकात किती वेळा विंगेतून वाक्य पुरवलंय, नट सावरायला. प्रेक्षकांचं काही बिघडलं का?”

“वहिनी, तुमच्या प्रेक्षकांना माहीत असतं, विष खोटं आहे. पाणी आहे. इथे लोक ते पिणार आहेत.”

“पण परत करायचं म्हणजे आणखी आठ महिने! ह्यांच्याकडे बघा. ह्यांच्याकडे आहेत आठ महिने?”

वन्संनी भावाकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करतील आणि आमची सुटका करतील. ते म्हणाले, “बारके, तुला इतके दिवस दिसलं नाही. आणखी चार दिवस दिसलं नसतं तर काय झालं असतं?”

आणि काठी घेऊन, पाय फाकवत, आत निघून गेले.

सोमवारी सकाळी वन्सं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. पुढचं मला त्या बाईंनीच सांगितलं, एकदा घरी चहाला आल्या तेव्हा. लिफाफा टेबलावर होता. वन्सं म्हणाल्या, “उघडू नका. आधी मी सांगते, मग उघडा.” आणि खिशातून कागद काढून ठेवला. कागदावर बारा आकडे.

“हे काय मावशी?”

“औषधाचे पिंजरे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भुशानं.”

बाई म्हणाल्या, “मावशी, हा आंधळा प्रयोग आहे. मापणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तर त्याला आंधळा म्हणतात.”

“आंधळा कसला? माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत आणि दोन्ही हात वाह्यात. फोडा आता.”

लाख फुटली. बाराच्या बारा बरोबर. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “मी नऊ वर्षं या दिवसाची वाट बघत होते, आणि त्या दिवशी मी खुर्चीत बसून पंधरा मिनिटं नुसती भिंत बघितली. मग मावशींना विचारलं, आता काय करू? तर त्यांनी मलाच कामाची यादी दिली.”

ती यादी अशी होती. दांड्याच्या खोलीत पुन्हा मी पाऊल टाकणार नाही. जी बाई दांड्यावर ठेवील तिनं पिंजरा बघायचा नाही, भुसा बघायचा नाही; उंदीर तिच्याकडे कोऱ्या डब्यात जाईल. आणि नुसत्या पाण्यातसुद्धा एखादा निरुपद्रवी पिवळा रंग घाला, म्हणजे भुसा सगळीकडे सारखा.

आठ महिन्यांचे आकडे बाजूला ठेवले गेले. नवे उंदीर आले. दांड्यासाठी दुसऱ्या इमारतीतून एक धिप्पाड बाई आली. वन्संनी तिला ओंजळ शिकवली आणि घरी येऊन तिला नावं ठेवली. “हात कसले, दगड! एक उंदीर चढेल तर शपथ.” पण चार आठवड्यांनी चढायला लागले.

घरात मात्र त्या सोमवारपासून ह्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. चार दिवस. एकाच टेबलाशी तिघं जेवायचो आणि हे माझ्यातर्फे निरोप द्यायचे. “तिला सांग, पंखा कमी कर.” वन्सं उठून पंखा कमी करायच्या. मी मध्ये बसून दोघांच्या ताटाकडे बघायची. पाचव्या दिवशी जेवताना ह्यांचा हात मिठाच्या भांड्याकडे गेला, तीनदा चुकला. मग म्हणाले :

“बारके, मीठ दे.”

वन्संनी मीठ दिलं. “थोडंच घे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“आली मोठी! उंदरांना सांग.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. खरं सांगते, रंगमंचावर मला इतकं खरं रडू कधी आलं नव्हतं.

त्या आठ महिन्यांत हे काठीवरून चार पायांच्या आधारावर, म्हणजे वॉकरवर, आले. वन्सं शनिवारी कामावरून यायच्या, चपला काढायच्या, आणि बातमी नसायची. हे विचारायचे, “काय म्हणतात?” उत्तर यायचं, “सगळेच पिवळे.” एवढंच. पण खोटं सांगणार नाही, घर उदास नव्हतं. बातमी नाही म्हणून रडायचं, असा वन्संचा स्वभावच नाही. त्या ह्यांना रोज सकाळी पायांचे व्यायाम करायला लावायच्या, ओरडून ओरडून. “गुडघा वर! आणखी वर! माझी पोरं तुझ्यापेक्षा बरी!”

लिफाफा उघडला तेव्हा वन्सं मुद्दाम उंदीरखान्यात भुसा भरत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या, झगा-टोपी चढवून, काचेच्या दारातून आत.

“मावशी, सतरा.”

“काय सतरा?”

“औषधवाले सरासरी सतरा सेकंद जास्त टिकले.”

पहिल्या वेळी वन्संच्या बोटासकट तो फरक चाळीस सेकंदांचा होता. वन्संनी भुशाची पिशवी खाली ठेवली. “म्हणजे तेवीस माझे होते,” त्या म्हणाल्या. “आणि सतरा त्यांचे स्वतःचे?”

“त्यांचे स्वतःचे. मेंदूच्या कापांतही बोळे कमी दिसतायत.”

“मग पुरे. सतरांवर चालता येतं माणसाला.”

हे सांगताना डॉक्टरीणबाई हसत होत्या. म्हणाल्या, ते चाळीस मी छापले असते तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेनं करून बघितलं असतं, त्यांना मिळाले नसते, आणि औषधच खोटं म्हणून अडगळीत गेलं असतं. सतरा मात्र पुढे दोन ठिकाणी करून बघितले, एकीकडे पंधरा आले, एकीकडे एकोणीस.

औषध जुनं असल्यामुळे दीड वर्षात इस्पितळात माणसांवर चाचणी सुरू झाली. आमच्या ह्यांचं नाव लागलं. इथेही तोच नियम. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या, आणि कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्याच सकाळी न्हाणीघरातून आरोळी आली :

“बारके! इकडे ये! रंग बघून सांग!”

“आधी दार लाव, निर्लज्जा!” वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या. “आणि पिवळाच असणार. सगळ्यांचाच पिवळा आहे. दोन्ही गोळ्यांत रंग घालायला मीच सांगितलंय.”

आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग ह्यांचा हताश स्वर : “घरचा भेदी लंका दहन!”

आता सहा महिने झालेत. ह्यांच्या चालीत फरक आहे का? मला विचाराल तर आहे. चार पायांचा आधार घरात सोडून देतात, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत येतात. पण माझ्या मताला काही किंमत नाही, मी बायको आहे. किंमत आहे ती घड्याळाला. गेल्या मंगळवारी पहिली मोठी तपासणी होती. इस्पितळातल्या एका खोलीत लाकडी पायऱ्या ठेवल्या आहेत, नऊ पायऱ्या, दोन्हीकडे कठडा. त्या चढायच्या आणि उतरायच्या, आणि किती सेकंद लागले ते नर्स लिहून घेते. आम्ही तिघंही गेलो होतो. मी अत्तर लावलं नव्हतं.

नर्स दारात येऊन म्हणाली, “पेशंटबरोबर घरच्या एकानं आत यायला हरकत नाही.”

ह्यांनी लगेच बहिणीकडे हात केला. “बारके, चल. तू असलीस की मी पायऱ्या पळत चढतो.”

वन्सं बाकावरून उठल्या. ह्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं. पायांतले बूट घट्ट बांधलेत ना, ते वाकून बघितलं. मग ह्यांचा हात माझ्या हातात दिला आणि परत बाकावर जाऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर, एकावर एक.

“वहिनी, तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “आणि कठड्यापासून लांब उभ्या राहा. मी आत आले तर तो चढायला लागल्याबरोबर माझा हात पुढे जाईल.”